मेट्रो स्टेशन ते घर: गल्लीतल्या रस्त्यासाठी महापालिकेकडे नेमकं काय मागावं?

गल्लीतली_गौरी

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईत हवाय.

आमची गल्ली पुण्यात, पौड रस्त्यावरच्या एका मेट्रो स्टेशनला लागून आत येते. लांबी साधारण ४०० मीटर, विकास आराखड्यात रुंदी १२ मीटर, दोन्ही बाजूंच्या मिळून अकरा सोसायट्या. मार्च २०२२ मध्ये आमच्या बाजूला वनाझ ते गरवारे कॉलेज एवढीच मेट्रो सुरू झाली तेव्हा लोक हौसेने फोटो काढायला यायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली, कोर्टापाशी गाडी बदलून पिंपरीकडे जाता यायला लागलं, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेट जोडलं गेलं. आता सकाळी गल्लीतून माणसांची रीघ असते.

त्यात पुनर्विकास. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत असल्यामुळे प्रीमियम भरून ज्यादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वरची मर्यादा ४ पर्यंत. अकरापैकी चार सोसायट्यांनी बिल्डरशी करार केलेत. आज जिथे चोवीस बिऱ्हाडं आहेत तिथे शंभरच्या वर होतील. रस्ता तेवढाच.

आता रस्ता कसा आहे ते सांगते. जिना उतरलं की समोर रिक्षा, त्यांच्या मागे भाजीच्या गाड्या, मग विजेचा फीडर पिलर, त्याला टेकून कुणीतरी ठेवलेली तुळशीची कुंडी. मग पहिल्या सोसायटीचं गेट. तिथे फुटपाथ एकदम खाली उतरतो, गेट संपलं की वीतभर उंच पायरी. पुढच्या गेटला परत तेच. सासूबाई हल्ली सरळ रस्त्याच्या कडेने चालतात. म्हणतात, पडायचंच असेल तर सपाटीवर पडीन.

सगळ्या सोसायट्या मिळून एक अर्ज द्यायचा ठरलंय. नागरिकांच्या सूचनांतून जे अंदाजपत्रक होतं त्यातही नाव घालायचंय. पण मागायचं काय? कुणी म्हणतं स्कायवॉक, कुणी म्हणतं नवे पेव्हर ब्लॉक, कुणी म्हणतं बोलार्ड, म्हणजे गाड्या चढू नयेत म्हणून लावतात ते बुटके खांब. आमची प्रत्येक मीटिंग पार्किंगवर सुरू होते आणि पार्किंगवरच संपते.

तुमच्याकडे असं काही झालंय का? एकच गोष्ट मिळणार असेल तर कुठली मागाल?

पाटीवाला

एकच? पाटी. 'येथे फुटपाथ संपला. पुढे आपापल्या जबाबदारीवर.'

हडपसरी

वाचतोय. आमच्याकडे मेट्रोच नाही त्यामुळे फुटपाथचा प्रश्न अजून सुखात आहे.

ठाणे_पश्चिम

गौरीताई, स्कायवॉक अजिबात मागू नका. हात जोडून सांगतो.

मुंबई महानगरात हा प्रयोग भरपूर झालाय. वांद्रे पूर्वेचा पहिला, २००८ सालचा. स्टेशनपासून कलानगरपर्यंत, सव्वा किलोमीटरच्या आसपास. दहा-बारा वर्षांत धोकादायक म्हणून बंद केला, पाडला, आणि पुन्हा बांधायला घेतला. उपनगरांत बाकीचे किती रिकामे पडलेत ते कुणीही सांगेल. कारण साधं आहे. ज्याला स्टेशनावरून निघून वाटेत दूध, कोथिंबीर आणि औषधं घ्यायची आहेत तो माणूस पाच मीटर वर चढून, दुकानांच्या डोक्यावरून चालत जाऊन परत खाली उतरणार नाही. संध्याकाळी सातनंतर वर चिटपाखरू नसतं, मग बायका तर नाहीच जात.

अंधेरीचा_अण्णा

ठाणेकर, सरसकट झोडू नका हो. घाटकोपरला मेट्रोतून उतरून थेट लोकलच्या पुलावर जाता येतं ते बंद करून बघा, दंगल होईल. ठाण्यात सॅटिसचा, म्हणजे स्टेशनबाहेर उंचावर बस थांबतात तो, डेक नसता तर स्टेशनबाहेर बस उभी तरी राहिली असती का?

ठाणे_पश्चिम

मान्य, पण ते स्टेशनला स्टेशन जोडणं झालं. हजारो माणसं एका ठिकाणाहून दुसऱ्या एकाच ठिकाणी जातात. गौरीताईंच्या गल्लीत प्रत्येकजण वेगळ्या गेटात शिरणार. तिथे जमीनच लागते.

आणि गर्दीचं म्हणाल तर २९ सप्टेंबर २०१७ विसरलेलो नाही. एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यात २३ माणसं गेली. पूल अरुंद, पावसामुळे लोक जिन्यातच थांबलेले. स्टेशनचं दार आणि बाहेरचा रस्ता यांच्यामध्ये जी पन्नास पावलं असतात ती कुणाच्याच नकाशात नसतात, असं माझं जुनं मत आहे. रेल्वे म्हणते आमची हद्द संपली, पालिका म्हणते आमची अजून सुरू झाली नाही. मेट्रो आली तरी यात काही बदललेलं दिसत नाही.

उपअभियंता_निवृत्त

आयुष्य रस्त्यांवर गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

फुटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आहे, आयआरसी १०३. २०१२ ची आवृत्ती सगळ्यांना माहीत आहे, २०२२ मध्ये सुधारली. तिचं सार इतकंच की फुटपाथची रुंदी म्हणजे कंपाउंडपासून कडेच्या दगडापर्यंतचं अंतर नव्हे. भिंतीलगतची थोडी जागा सोडा, रस्त्याच्या बाजूला झाड-खांब-डीपीची (विजेच्या पेटीची) पट्टी सोडा, मध्ये जी मोकळी सलग वाट उरते ती मोजा. ती किमान १.८ मीटर हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील एवढी. आणि उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको. आपल्याकडे वीस-पंचवीस सहज असते, कारण रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि मग कुणीतरी फुटपाथही उंच करून टाकतं.

आता तुमची १२ मीटरची गल्ली. दोन्ही बाजूंना २-२ मीटर फुटपाथ धरा, झाले ४. गाड्यांना जायला-यायला ५.५ पुरे, निवासी गल्लीत याहून जास्त दिलं की लोक गाड्या पळवतात. उरले २.५. एवढी एक पट्टी एका बाजूला मिळते. तिच्यात थोडं पार्किंग, थोडी झाडं, रिक्षा थांबा, भाजीच्या गाड्या, डीपी, सगळं बसवायचं. म्हणजे हे सगळं चालायच्या वाटेतून बाहेर निघतं. माझं मत विचाराल तर अर्जात 'फुटपाथ दुरुस्त करा' असं लिहूच नका. त्याचा अर्थ ठेकेदाराच्या भाषेत एकच होतो: जुने ब्लॉक काढा, नवे ब्लॉक लावा. १२ मीटरचा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यावर कशाला किती रुंदी ते दाखवणारं चित्र, काढून अर्जाला जोडा.

गल्लीतली_गौरी

काका, हा छेद मी आजच वहीत काढून ठेवते. पण पट्टी एकाच बाजूला म्हटलं की त्या बाजूच्या सोसायट्या अंगावर येतील.

दुचाकीस्वार

मी उघडपणे विरोधात बोलतो, कारण इथे सगळे एकाच सुरात गातायत.

आज गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. तुम्ही एक बाजू काढणार. त्या गाड्या जाणार कुठे? शेजारच्या गल्लीत. जुन्या सोसायट्यांत पार्किंगच नव्हतं, त्यात राहणाऱ्यांचा काय गुन्हा? मेट्रो असली तरी मला भोसरीला रात्री दीडला सुटी होते, तेव्हा मेट्रो झोपलेली असते. चालणारे तेवढे सज्जन आणि गाडीवाले तेवढे राक्षस असं काही नसतं.

मी_मराठवाडी

दुचाकीस्वार, प्रश्न रास्त आहे. पण आमच्या स्टेशनजवळच्या गल्लीत सकाळी नऊला ज्या गाड्या लागतात त्यातल्या निम्म्याहून जास्त गल्लीतल्या नसतातच. बाहेरून येतात, गाडी लावतात, मेट्रोने कामाला जातात, संध्याकाळी घेऊन जातात. पुण्याचं पार्किंग धोरण २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेत मंजूर झालं होतं, रस्त्यावर पैसे घेऊन पार्किंग. मग ते गेलं बासनात. फुकट जागा स्टेशनच्या तोंडाशी ठेवली तर ती भरणारच.

दुचाकीस्वार

हं. यावर नंतर बोलतो. बाहेरच्यांना बंद करा याला माझी हरकत नाही.

पाटीवाला

'बाहेरच्यांना बंद करा, मला सोडून.' पुण्याचं ब्रीदवाक्य म्हणून मंजूर व्हावं.

पांढरी_काठी

मला अजिबात दिसत नाही, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. दोन गोष्टी.

त्या पिवळ्या उठावदार फरशा. लांबट रेघांच्या फरशीचा अर्थ सरळ चला, गोल ठिपक्यांच्या फरशीचा अर्थ थांबा, पुढे काहीतरी बदलतंय. माझ्या रोजच्या वाटेवर रेघांची फरशी मला थेट झाडाच्या आळ्यात नेऊन सोडते. पुढे एका ठिकाणी ठिपके आहेत पण पुढे काहीच नाही, उगाच थांबायचं. लावणाऱ्याला डिझाइन वाटलं असावं. चुकीची लावणार असतील तर लावूच नका म्हणावं, निदान भिंत धरून चालता येतं.

दुसरं, गेटचा उतार. तुम्हाला तो पाय मुरगळण्यापुरता त्रास देतो. मला कळतच नाही की मी फुटपाथवरून उतरून गेटच्या उतारावर आलोय की रस्त्यावर. जितकी गेटं तितक्या वेळा तो प्रश्न. एकच गोष्ट मागायची असेल तर माझं मत गेटांना. फुटपाथ गेटासमोरूनही त्याच उंचीने सलग जाऊ दे. गाडीने चढावं, गाडीने उतरावं. तिला इंजिन आहे.

रात्रपाळी

पांढरी_काठी, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

मी नर्स आहे, शेवटच्या मेट्रोने येते. माझ्यासाठी उजेड. गल्लीत दिवे नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण उंच खांबावर, रस्त्याच्या मध्यावर रोखलेले. खाली गुलमोहर आणि रेन ट्रीची छत्री. म्हणजे गाडीवाल्याला लख्ख उजेड, ज्याच्या गाडीला आधीच दिवे आहेत. आणि फुटपाथवर काळोख. झाडं छाटा असं म्हणत नाही, उन्हाळ्यात त्याच सावलीतून जाते. त्याच खांबाला फांद्यांच्या खाली, फुटपाथच्या बाजूला दुसरा छोटा दिवा लावता येतो. फार खर्चही नाही.

अजून एक. नव्या टॉवरांना खाली तीन-तीन मजले पार्किंगचे पोडियम असतात. गल्लीकडे नुसती जाळीची भिंत. पूर्वी तळमजल्यावर कुणीतरी गॅलरीत बसलेलं असायचं, खिडकीतून टीव्हीचा आवाज यायचा. त्या भिंतीशेजारून चालताना मी फोनवर बोलल्याचं नाटक करते.

साईटवरचा_माणूस

मी पुनर्विकासातच काम करतो, बिल्डरच्या बाजूने. शिव्या द्यायच्या तर द्या पण आधी ऐका.

पोडियम आम्हाला आवडतं म्हणून नाही, तळघर खणणं महाग आणि वेळखाऊ, शिवाय सभासदांना माणशी दोन गाड्यांची जागा हवी असते. करारावर सही करण्याआधी पहिला प्रश्न कार्पेट (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती, दुसरा पार्किंग किती. स्टेशन दारात असूनही. 'समोरची भिंत कशी असेल' असं मला एकाही सभासदाने विचारलेलं नाही.

आता कामाची गोष्ट. रस्तारुंदीत जी पट्टी जाते ती पालिकेला दिली की तिचा एफएसआय त्याच प्लॉटवर वापरता येतो, त्यामुळे आम्ही ती आनंदाने देतो. पण एक सोसायटी आज देते, शेजारची पाच वर्षांनी. मधल्या काळात ती सुटलेली जागा कुणाची? नव्या टॉवरच्या दुकानांसमोर गाड्या लावायची. एकदा लागल्या की उठत नाहीत. चार करार झालेत म्हणता ना, मग नकाशे मंजूर होण्याआधी चारही बिल्डरांना एकाच टेबलावर बसवा आणि फुटपाथची पातळी ठरवून घ्या. गेटची उंची एकदा काँक्रीटमध्ये बसली की पुढची तीस वर्षं तीच. आणि एका प्लॉटला दोन-दोन गेटं कशाला हवीत? आत एक, बाहेर एक असा हट्ट असतो. एकच गेट ठेवलं की फुटपाथचा एक तुकडा आपोआप वाचतो.

उपअभियंता_निवृत्त

साईटवाल्यांशी पूर्ण सहमत, आणि असं मी क्वचित म्हणतो.

सिंगापुरी_चहा

इथून थोडी भर. सिंगापूरमध्ये २०१३ च्या सुमारास वॉक-टू-राईड नावाने योजना घेतली. मेट्रो स्टेशनपासून ४०० मीटरपर्यंतच्या शाळा, दवाखाने, घरं छप्पर असलेल्या वाटेने जोडायची. २०१८ पर्यंत २०० किलोमीटर वाटा झाल्या. माझ्या बिल्डिंगखालून निघून स्टेशनात शिरेपर्यंत पावसाचा थेंब लागत नाही. सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा असतो, त्यातूनच आरपार जाता येतं, कंपाउंड नावाची भिंतच नाही.

पण छप्पर मागा असं म्हणत नाही. इथे आधी वाट सपाट आणि सलग झाली, छप्पर नंतर आलं. आणि पुण्यात छपराचं काम झाडं करू शकतात. मला तिकडे आलं की सगळ्यात जास्त खटकतं ते भिंतीचं. आईकडे कोथरूडला आले की स्टेशन खिडकीतून दिसतं, आणि तिथे जायला तीन कंपाउंडांना वळसा.

कोथरूडची_आजी

अगं बाई, कंपाउंड काढलं तर माझ्या जास्वंदीची फुलं एक तरी उरेल का पूजेला?

सिंगापुरी_चहा

आजी, तुमची जास्वंद वगळून बोलते.

भाजीवालीची_लेक

सुरुवातीच्या लेखात 'भाजीच्या गाड्या' अडथळ्यांच्या यादीत आल्या. बोलायचं नव्हतं, पण बोलते.

माझी आई एका स्टेशनबाहेर बसते, पुण्यातल्या नाही. स्टेशन आलं म्हणून ती तिथे आली, कारण उतरलेला माणूस भाजी घेतो. फेरीवाला कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण करायचं, शहर फेरीवाला समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. बसण्याची जागा ठरवून द्यायची. मुंबईत उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायला मनाई केली, तर लोक कुठे गेले? १५१ मीटरवर, जिथे फुटपाथ आणखी अरुंद.

रात्रपाळी ताई, तुम्ही उजेडाचं म्हणालात. आईच्या गाडीवर रात्री साडेनऊपर्यंत दिवा असतो. तो दिवा आणि ती दोघी हलल्या की बघा गल्ली कशी वाटते.

रात्रपाळी

अगदी. आमच्या कोपऱ्यावरची इस्त्रीवाली रात्री आवरत असते तोवरच मी निवांत असते.

गल्लीतली_गौरी

भाजीवालीची_लेक, तुमचं बरोबर. काकांच्या छेदातली ती अडीच मीटरची पट्टी आहे ना, तिच्यात भाजीच्या चार गाड्यांची जागा स्टेशनच्या तोंडाशी आखून द्यावी असं लिहिते. चालायची वाट त्यांच्या मागून.

उपअभियंता_निवृत्त

मागून नको. मागून केली तर भिंत आणि गाडी यांच्यामध्ये बोळ होतो, मग त्यात खोकी साठतात. गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहील आणि गाडी पट्टीत असेल असं करा. गाडीचं तोंड फुटपाथकडे.

मोकळा_वेळ

बोलार्डबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे लावले, झकास. गाड्या चढणं बंद.

पांढरी_काठी

किती अंतरावर लावलेत?

मोकळा_वेळ

हातभर असेल. मोजलं नाही.

उपअभियंता_निवृत्त

स्कूटरचं हॅंडल साधारण ७० सेंटीमीटर रुंद असतं. व्हीलचेअरला किमान ९० लागतात. म्हणजे जिथून व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच, आणि स्कूटर अडवायची म्हटली तर व्हीलचेअर आधी अडते. तुमच्याकडे गाड्या बंद झाल्या असतील तर व्हीलचेअरही बंद झालीय. बोलार्ड चारचाकीसाठी ठीक. दुचाकी फुटपाथवर का चढते ते बघा. बहुतेक वेळा उलट दिशेने यायचं असतं म्हणून, कारण दुभाजकात पुढची फट अर्धा किलोमीटरवर असते.

हडपसरी

काका तुम्ही निवृत्त का झालात?

उपअभियंता_निवृत्त

अठ्ठावन्न झाले म्हणून.

नाशिककर_तात्या

सगळं छान चाललंय पण कागदावर हे सगळं आधीच आहे हो. पुण्याने पादचारी धोरण २०१६ मध्येच मंजूर केलं, रस्ते कसे आखावेत याची पुस्तिकाही तेव्हाचीच. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, बाहेरगावचे लोक येऊन बघून गेले. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चालण्यायोग्य फुटपाथ हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणखी काय हवं? धोरणं मोठ्या रस्त्यांवर उतरतात. गल्लीपर्यंत येईतो त्यांचा दम जातो, कारण गल्लीला मोठं टेंडर निघत नाही आणि फीत कापायला कुणी येत नाही.

मी_मराठवाडी

तात्या, त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकच होते. गल्लीच्या कामासाठी कुणाच्या दारात जायचं तेच लोकांना कळत नव्हतं.

अर्धवेळ_वास्तुविशारद

बेंगळुरूला टेंडरशुअर म्हणून जे रस्ते झाले त्यांतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. वायरी, पाणी, गटार सगळं आधी फुटपाथखाली नळ्यांमधून नेलं, मग वर फरशी. नाहीतर तुम्ही आज सलग फुटपाथ करून घ्याल आणि पुढच्या महिन्यात इंटरनेटवाला खणेल. चार टॉवर येणार म्हणजे नव्या जलवाहिन्या, नव्या वीजजोडण्या. क्रम लावा: आधी टॉवरांच्या जोडण्या, मग फुटपाथ. पण तोवर चार-पाच वर्षं जातील, त्यामुळे स्टेशनच्या तोंडाचे पहिले शंभर मीटर लगेच, बाकी टप्प्याने.

आणि गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथलं वळण. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी वेग न कमी करता आत वळते. ती आवळून घ्या आणि तिथेच उंच क्रॉसिंग करा, फुटपाथच्या पातळीला. पौड रस्त्याने चालणारा माणूसही न उतरता गल्ली ओलांडेल.

दुचाकीस्वार

उंच क्रॉसिंग केलं की मागे पाणी तुंबतं. आमच्या भागात झालंय. जुलैत तळं.

अर्धवेळ_वास्तुविशारद

क्रॉसिंगच्या वरच्या अंगाला, दोन्ही कडांना पावसाळी चेंबर, म्हणजे पाणी खाली गटारात नेणारा जाळीचा खड्डा, हवं. ते वगळलं की तळं होतंच. अंदाजपत्रकात चेंबर ही वेगळी बाब असते आणि काटछाट करताना तीच आधी जाते.

गल्लीतली_गौरी

अपडेट देते. रविवारी सकाळी आम्ही पाच जण टेप आणि खडू घेऊन निघालो. काकांनी सांगितल्याप्रमाणे दर गेटाला फुटपाथची उंची आणि मोकळी वाट मोजली. सगळ्यात उंच ठिकाणी २७ सेंटीमीटर. सगळ्यात अरुंद ठिकाणी, डीपी आणि कंपाउंडच्या मध्ये, ४०. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्या फटीतून आडवे होऊन गेले आणि म्हणाले, मी इथून कधी चाललोच नव्हतो.

मापं लिहून झाल्यावर एक गोष्ट लखलखीत दिसली. फुटपाथ मधल्या भागात बराच बरा आहे, रुंदीही मिळते. तुटतो तो गेटांवर. आणि ते उतार पालिकेने केलेले नाहीत, प्रत्येक सोसायटीने आपापल्या सोयीने करून घेतलेत. आमच्या सोसायटीचा सगळ्यात लांब आहे, फरशीसकट.

म्हणून अर्जात पहिली मागणी सलग फुटपाथ गेटांवरून, दुसरी गल्लीच्या तोंडाचं उंच क्रॉसिंग चेंबरसकट, तिसरी फांद्यांखालचे दिवे. पट्टीचा नकाशा सोबत. तर एका सोसायटीने सही द्यायला नकार दिला. म्हणे फुटपाथ उचलला तर पावसाचं पाणी आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जाईल. यावर काय सांगू?

उपअभियंता_निवृत्त

उलट आहे. आज त्यांचा उतार रस्त्यापर्यंत खाली गेलाय, म्हणजे रस्त्याचं पाणी आत यायला दार उघडं आहे. फुटपाथ १५ सेंटीमीटरवर सलग नेला आणि त्याचा ढाळ रस्त्याकडे दिला, मीटरला दोन सेंटीमीटर, तर तोच त्यांचा बांध होतो. गेटच्या आतल्या बाजूला जाळीची आडवी नाली टाकायला सांगा, ती मात्र त्यांच्या खर्चाने. गाडी चढायला जो छोटा उतार लागतो तो कडेच्या झाडा-खांबांच्या पट्टीत बसवायचा, चालायच्या वाटेत नाही. लागलं तर मी येऊन सेक्रेटरींना दाखवतो, मला कर्वेनगरहून लांब नाही.

साईटवरचा_माणूस

शिवाय त्यांना सांगा, पुनर्विकासात तळघराचा उतार नव्याने आखलाच जाणार आहे. आज नकार देऊन आणखी चार पावसाळे पाणी उपसण्यात काय हशील?

कोथरूडची_आजी

आमच्याकडे दरवर्षी पंप लावतात. वॉचमनची झोप जाते आणि आवाजाने माझी.

दुचाकीस्वार

नंतर बोलतो म्हणालो होतो. नकाशा बघितला. पट्टीतलं पार्किंग रहिवाशांसाठी रात्री आणि दिवसा पैसे देऊन, असं केलं तर माझी सही घ्या. मी गल्लीतलाच आहे. चौथ्या गेटातला.

गल्लीतली_गौरी

अहो! म्हणजे रोज जिन्यापाशी ती लाल गाडी तुमची?

दुचाकीस्वार

निषेध. ती बाहेरच्याची आहे. माझी निळी.

पाटीवाला

धागा सार्थकी लागला. मी झोपायला जातो.

भाजीवालीची_लेक

गौरीताई, मीटिंगला भाजीच्या गाडीवाल्यांनाही बोलवा. जागा आखून देणार तर त्यांना विचारूनच आखा. नाहीतर आखलेली जागा उन्हात येते आणि दुपारपर्यंत पालेभाजी गळते.

गल्लीतली_गौरी

बोलावलंय. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या जागा रेन ट्रीखाली द्या, पुढचं आम्ही बघतो. तिथे सध्या रिक्षा थांबा आहे, म्हणजे आता रिक्षावाल्यांशी बोलायचं.

नकाराची सोसायटी अजून विचार करतेय. काका, गुरुवारी संध्याकाळी सहाला जमेल का? आणि पट्टी कुठल्या बाजूला यावर डाव्या बाजूच्या सहा सोसायट्यांनी 'उजवीकडे' लिहून दिलंय, उजव्या बाजूच्या पाचांनी 'डावीकडे'.

उपअभियंता_निवृत्त

गुरुवारी जमेल. पट्टी साठ-सत्तर मीटरला बाजू बदलत न्या. रस्ता थोडा नागमोडी होतो, गाड्या आपोआप हळू जातात. दोन्ही बाजू सारख्याच भांडतील, पण नकाशा मंजूर होईल. येताना टेप मी आणतो, तुमची कापडी असेल तर ती ताणते.